पणजोबांचा पुरावा

१६२० साली 'मेफ्लॉवर' जहाजातून अमेरिकेत उतरलेल्या १०२ प्रवाशांपैकी कुणाशी तरी आपले रक्ताचे नाते आहे, हे सिद्ध करण्याची तेथील अनेकांना मोठी हौस. अशा वंशजांची १८९७ पासून एक संस्थाही आहे. पिढीगणिक कागद दाखविल्यावाचून ती सभासद करून घेत नाही. पूर्वजांचा शोध आमच्या अमळनेरातही चालतो. पण बारावीचा निकाल लागला, की तहसील कचेरीच्या आवारात मी जी धावपळ पाहतो, तिला हौस म्हणता येणार नाही.

जातीचा दाखला काढायचा आणि पुढे तो पडताळणी समितीपुढे टिकवायचा, तर वंशावळ हवी. अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. मग शाळेचा निर्गम उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, गाव नमुना १४ यांच्यामागे हेलपाटे सुरू होतात. जुनी नोंद अनेकदा मोडीत. ती वाचणारे मोजके. त्यात खानदेशात अर्धे गाव पाटील! त्यातला आपला पाटील कोणता, येथेच धागा तुटतो.

मराठा आंदोलनानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि राज्यभरात कुणबी नोंदी ५० लाखांहून अधिक निघाल्या. आरक्षण कुणाला द्यावे, हा वाद वेगळा. परंतु सरकारने मनावर घेतले, तर दप्तरे बोलतात, एवढे त्यातून सिद्ध झाले.

मग हा न्याय इतरांना का नको? जळगाव-धुळ्यातील टोकरे कोळ्यांचे घोडे जुन्या कागदांवरील नुसत्या 'कोळी' या शब्दापाशी अडते. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की चालीरीतींची चाचणी ही एकमेव कसोटी नव्हे. राज्यघटनेपूर्वीच्या कागदाचे मोल अधिक. निकाल योग्यच. पण ज्याच्या पणजोबाने शाळेची पायरीच पाहिली नाही, त्याने कागद आणावा कोठून? ज्या वंचितपणासाठी सवलत आहे, तोच वंचितपणा तिच्या आड येतो.

२००१ पासून लागू असलेल्या कायद्याने पुराव्याचा भार अर्जदारावर टाकला आहे. दप्तरखान्याची किल्ली मात्र सरकारच्या कमरेला. ही वाटणी न्यायाची नाही. शेजारच्या धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून जुने कागद जपते आहे. कागदाची किंमत खानदेशाला नव्याने शिकवायला नको. सरकारने प्रत्येक तालुक्याचे दप्तर, सर्व जातींच्या नोंदींसह, मोडी जाणकारांकडून वाचून घ्यावे आणि गावनिहाय याद्या लोकांपुढे मांडाव्यात. मेफ्लॉवरचा पूर्वज सापडला नाही, तर एक सभासदत्व हुकते. येथे पणजोबा सापडला नाही, तर मुलीचा प्रवेश जातो.