रेखांशाचे बक्षीस आणि तेलाचा तवंग

समुद्राच्या स्वच्छतेसाठी कुठे मोठे बक्षीस जाहीर झाले की १७१४ सालच्या ब्रिटिश रेखांश-बक्षिसाची गोष्ट हमखास सांगितली जाते. भर समुद्रात जहाजाचा रेखांश अचूक सांगण्याची रीत शोधणाऱ्यास संसदेने २०,००० पौंड देऊ केले, विद्वान हात चोळत बसले आणि जॉन हॅरिसन नावाच्या सुताराने घड्याळ करून प्रश्न सोडवला. गोष्ट चटकदार आहे, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी ऐकण्याची खरी गरज बक्षिसांचे आणि अनुदानांचे पैसे वाटणाऱ्या मंडळींना आहे.

त्या अर्ध्या भागाची सुरुवात कायद्याच्या मजकुरातच होते. १७१४च्या कायद्यात बक्षिसाबरोबरच, होतकरू प्रयोगांवर २,००० पौंडांपर्यंत खर्च करण्याची मुभा रेखांश मंडळाला दिलेली होती. आजच्या भाषेत हे अनुदान. १७३७ साली हॅरिसन आपले पहिले सागरी घड्याळ घेऊन मंडळापुढे उभा राहिला, तेव्हा त्याने बक्षीस मागितले नाही. स्वतःच्याच घड्याळातले दोष सांगितले आणि दुसरे करण्यासाठी ५०० पौंड मागितले. मंडळाने निम्मे लगेच दिले, निम्मे काम पुरे झाल्यावर देण्याचे ठरवले. पुढे वर्षानुवर्षे असेच हप्ते मिळत गेले. तिसऱ्या घड्याळाने एकोणीस वर्षे खाल्ली आणि तेही बक्षिसापर्यंत पोहोचले नाही. १७६१-६२च्या जमैका सफरीत ज्या चौथ्या घड्याळाने कमाल केली, त्यामागे हा सगळा पोसलेला काळ उभा आहे. शेवटी पैसे देताना मंडळाने हात आखडता घेतला, हे खरेच. १७६५ साली १०,००० पौंड आणि १७७३ साली थेट संसदेकडून ८,७५० पौंड मिळेपर्यंत हॅरिसन ऐंशीला टेकला होता. परंतु त्याला उपाशी ठेवून केवळ बक्षिसाचे गाजर दाखवले, हे चित्र इतिहासाला धरून नाही.

आता २०१० साल. २० एप्रिलला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलफलाटावर स्फोट झाला, ११ कामगार मेले आणि ८७ दिवस समुद्राच्या तळातून तेल वाहत राहिले. तवंग खरवडून घेणारी यंत्रे, म्हणजे स्किमर, कामाला लागली. तरी अमेरिकी सरकारच्या त्या वेळच्या हिशेबानुसार एकूण तेलापैकी जेमतेम ३ टक्के तेल त्यांनी उचलले. १९८९च्या एक्झॉन व्हाल्डेझ अपघातानंतरच्या दोन दशकांत या यंत्रांत फारशी सुधारणा झाली नव्हती. अपघात झाला की सर्वांना यंत्र हवे असते, पुढची दहा वर्षे ते विकत घेणारा कुणी नसतो. मग कारखानदार त्यात पैसे कशाला ओतील?

ही कोंडी फोडण्यासाठी त्याच जुलैच्या अखेरीस एक्सप्राइझ संस्थेने वेंडी श्मिट यांच्या देणगीतून १४ लाख डॉलरची स्पर्धा जाहीर केली. अट चोख होती: मिनिटाला किमान २,५०० गॅलन तेल आणि उचललेल्या द्रवात किमान ७० टक्के तेलच. न्यू जर्सीतल्या ओमसेट या चाचणीकेंद्रात, कृत्रिम लाटा उठवता येणाऱ्या दोनशे मीटर लांबीच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, दहा संघांची परीक्षा झाली. ऑक्टोबर २०११ मध्ये इलिनॉयच्या इलास्टेक कंपनीने मिनिटाला ४,६७० गॅलन उचलून पहिले बक्षीस नेले. त्यापूर्वीचा उच्चांक १,१०० गॅलनच्या आसपास होता. नॉर्वेची नोफी दुसरी आली. तिसऱ्या क्रमांकाचे १ लाख डॉलर कुणालाच मिळाले नाहीत, कारण आणखी कुणी अट गाठली नाही. हा कडकपणा मोलाचा. नुसत्या अहवालावर पैसे सोडणाऱ्या कित्येक अनुदान-समित्यांना तो झेपणार नाही.

एका वर्षात चौपट झेप, आणि तीही बक्षिसाच्या बळावर! बातम्यांचा सूर असा होता. पण इलास्टेकच्या खाचा पाडलेल्या फिरत्या पृष्ठभागामागची कल्पना आधीची होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेत व्हिक्टोरिया ब्रोये आणि आर्तुरो केलर यांनी काही वर्षे आधी त्यावर संशोधन करून तिची सिद्धता दाखवली होती. ज्या टाकीत विजय मोजला गेला, ती टाकीही अमेरिकी सरकारने दशकानुदशके सांभाळलेली. म्हणजे बक्षिसाने एक वर्षाची घाई पुरवली, जमीन मात्र आधीच नांगरलेली होती. ही नांगरट हिशेबातून गाळली की 'अनुदाने बंद करा, बक्षिसे लावा' असा सोयीस्कर निष्कर्ष निघतो. रेखांशाच्या गोष्टीचेही तेच झाले आहे.

दुसरा मुद्दा अटीचा. ७ ऑगस्ट २०१० रोजी, ती स्पर्धा जाहीर होऊन पंधरवडाही उलटला नव्हता, मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली. चित्रामधून सुमारे ८०० टन तेल सांडले, शेकडो कंटेनर पाण्यात पडले. मेक्सिकोच्या आखाताच्या तुलनेत हे थेंबभर. पण पावसाळी भरतीने ते तेल मुंबई-रायगडच्या किनाऱ्यांवर आणि खाडीकाठच्या तिवरांत नेऊन सोडले. तिवरांची श्वासमुळे चिखलातून वर आलेली असतात. त्यांवर तेलाचा लेप बसला की झाड गुदमरते. नारळी पौर्णिमा सतरा दिवसांवर आली होती. होड्या लोटायच्या तोंडावर कोळीवाड्यांपुढे तेलकट पाणी आणि मासळीला गिऱ्हाईक नाही, अशी गत झाली. इथे मिनिटाला ४,६७० गॅलन उचलणारे यंत्र काय करणार? गुडघाभर चिखलात ते उतरतच नाही.

ओमसेटच्या टाकीत चिखल नव्हता, मुळे नव्हती. ज्याची कसोटी लावता येते तेच सुटते, आणि कसोटी लावणारा ज्या समुद्राकडे पाहतो त्याच समुद्राचा प्रश्न सुटतो. १७१४ची अटही अशीच ब्रिटनहून वेस्ट इंडीजकडे जाणाऱ्या जहाजाला समोर ठेवून लिहिली गेली होती. म्हणून बक्षिसाची अट लिहिणाऱ्यांच्या बैठकीत अभियंत्याच्या शेजारी खाडीवर पोट असलेल्या माणसाला खुर्ची हवी.

आणि सांडूच नये यासाठी? त्या बाबतीत बक्षिसांचा इतिहास फार तोकडा आहे. १९७०च्या दशकात टँकरमधून ७०० टनांहून मोठ्या तेलगळतीच्या वर्षाला सरासरी २४-२५ घटना घडत, २०१०च्या दशकात दोनहून कमी. या घसरणीत मोठा वाटा १९७३ व १९७८च्या मारपोल कराराचा, दुहेरी कवचाच्या सक्तीचा आणि बंदरांवरील तपासणीचा आहे. न झालेल्या अपघाताला पदक देता येत नाही, त्यामुळे देणगीदारांचे लक्ष तिकडे सहसा जात नाही.

पैसे वाटायचेच असतील तर त्यांची विभागणी रेखांश मंडळाच्या वहीत पाहावी: आधी फसण्याची मुभा देणारे हप्ते, मग समुद्रावरची कठोर चाचणी, त्यानंतर मोठी रक्कम. त्यात एक भर मात्र आता घालायला हवी. चिखल, भरती-ओहोटी आणि तिवरांची मुळे असलेले ओमसेटसारखे एक चाचणीकेंद्र उष्ण कटिबंधातल्या एखाद्या खाडीकाठी उभे राहावे. ठाण्याची खाडी त्यासाठी वाईट जागा नाही. पुढचे बक्षीस जाहीर होण्याआधी हे केंद्र उभे राहिले, तर त्या बक्षिसाची अट वेगळ्या शब्दांत लिहिली जाईल.