गोल वाटेचा पैसा गावातच राहतो

पावसाळ्यात कुडपणच्या धबधब्यावर गाड्या येतात. तासभर थांबतात, फोटो काढतात आणि जेवायला खाली निघून जातात. मंडळी, गावाच्या पदरात काय पडलं याचा कधी हिशेब केलात? बाटल्या, कागदी ताटल्या, आणि कोणी घसरलं तर धावपळ.

कुडपण हे पोलादपूर तालुक्याच्या टोकाचं गाव. रायगड, रत्नागिरी आणि सातारा या तीन जिल्ह्यांच्या हद्दी इथल्या डोंगरात भेटतात. पूर्वेला मधुमकरंदगड, दक्षिणेला खेड तालुक्यातला महिपतगड, मधे खोल घळी आणि दांड. जुन्या माणसांचं बाजारहाट, सोयरीक, गुरं चारणं सगळं पायवाटांवर चाले. आता तरुण मुंबईला गेले. वाट वापरली नाही की दोन-चार पावसांत झाडोऱ्यात बुजते. मग ती दाखवायलाही कोणी उरत नाही.

अकोले तालुक्यातल्या साम्रदकडे बघा. गावाशेजारी सांदण नावाची अरुंद, खोल घळ आहे. डोंगरात फिरणारे लोक घळीतून खाली उतरतात आणि करोली घाटाने चढून पुन्हा साम्रदलाच येतात. जिथून निघाले तिथेच परत. त्यामुळे मुक्काम, जेवण, वाटाड्या या सगळ्याचा पैसा गावात राहतो. वाट दुसऱ्या गावी उतरली असती तर अर्धा पैसाही तिकडेच उतरला असता. पावसाळ्यात मात्र सांदणीत शिरायचं नाही. घळीत लोंढा आला तर पळायला जागाच नसते.

कुडपणलाही अशी गोल वाट आखता येईल. सकाळी गावातून निघून घळ, दांड, पायथा करत संध्याकाळी गावातच यावं. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. भात-नाचणी घरात आली की हात रिकामे होतात आणि माणूस मुंबईची गाडी धरतो. नेमकं तेव्हाच हे काम मिळेल.

जून ते सप्टेंबर वाट बंद म्हणजे बंद. 22 जुलै 2021 ला महाडच्या तळियेवर दरड कोसळली. त्याच दिवशी आपल्या पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसं नेली. चार पैशांसाठी पाहुण्याला अशा डोंगरात पाठवणं हे पाप आहे.

काही जण म्हणतील, लोक शेतं तुडवतील, दारू पितील. शंका रास्त आहे. म्हणूनच हे काम ग्रामसभेने हातात घ्यायला हवं. वाट बांधावरून जाईल आणि मालकाला विचारूनच जाईल. वनखात्याची हद्द लागेल तिथे परवानगी आधी घ्यावी. दिवसाला किती माणसं सोडायची ते ठरवावं. वाटाड्याचा आणि जेवणाचा दर फळ्यावर लिहावा, येणाऱ्याचं नाव वहीत उतरवावं. जेवणाची पाळी घरोघर फिरवावी, नाहीतर दोन घरं खातील आणि बाकीचे बघत बसतील. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 पासून आहे. घरी पाहुणे ठेवू इच्छिणाऱ्या शेतकऱ्याला ग्रामसेवकांनी त्याची माहिती करून द्यावी.

याने कोणी बंगला बांधणार नाही. पण चार घरांच्या चुली हिवाळ्यात गावातच पेटत्या राहिल्या तरी थोडकं नाही. येत्या ग्रामसभेत विषय घ्या. त्याआधी एक करा. गावातल्या म्हाताऱ्यांना बरोबर घ्या आणि वाटा पायाखालून घाला. त्यांचे गुडघे चालताहेत तोवरच हे जमेल.