मातीचें मोल

एखादी वस्तु क्षुद्र आहे असें सांगावयाचें झालें म्हणजे आपण तिला ‘मातीमोल’ म्हणतों. हा शब्द किती अविचारानें उच्चारला जातो हें दाखविण्यासाठीं एका मातीची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. तिला डायाटमी माती म्हणतात. जर्मन भाषेंत तिचें नांव कीझेलगूर.

तळीं, नद्या व समुद्र यांच्या पाण्यांत डायाटम नांवाचीं एकपेशी शैवलें असतात. मराठींत त्यांस ‘करंडक’ म्हणतात, आणि तें नांव अन्वर्थक आहे. कारण कुंकवाच्या करंड्यावर झांकण बसावें त्याप्रमाणें त्यांच्या सिलिकामय कवचाचा एक भाग दुसऱ्यावर बसतो. डोळ्यांस न दिसणाऱ्या या जीवांपासून पृथ्वीवर दरवर्षीं निर्माण होणाऱ्या प्राणवायूचा सुमारें पंचमांश मिळतो. तीं मेलीं म्हणजे कवचें तळाशीं बसतात. लाखों वर्षें असे थर सांचून, पुढें पाणी आटलें किंवा भूमि वर आली, कीं खडूसारखी हलकी, फिकट माती उरते.

हँबुर्गच्या दक्षिणेस ल्यूनेबुर्गच्या माळरानांत ही माती विपुल सांपडे. कवचांस असंख्य सूक्ष्म छिद्रें असल्यामुळें ती द्रव शोषून घेते व गाळूनही देते. १८६४ सालीं स्टॉकहोम येथें नायट्रोग्लिसरिनचा स्फोट होऊन आल्फ्रेड नोबेल यांचा धाकटा भाऊ एमिल व इतर कांहीं माणसें मरण पावलीं. हा भयंकर द्रव तीन भाग घेऊन एक भाग मातींत जिरविला, तर तो हाताळण्यास पुष्कळच निर्धोक होतो असें नोबेल यांस आढळलें, आणि १८६७ सालीं त्यांनीं डायनामाइटचें पेटंट घेतलें. त्या डायनामाइटनें डोंगरांतून बोगदे निघाले. त्यानेंच माणसेंही मारलीं गेलीं.

त्याच मातीच्या पोकळ नळ्या भाजून विल्हेल्म बेर्केफेल्ड यांनीं १८९१ च्या सुमारास पाणी गाळण्याचें साधन सिद्ध केलें. पुढल्याच वर्षीं हँबुर्ग शहरांत दूषित पाण्यामुळें पटकी पसरून आठ हजारांहून अधिक लोक दगावले. रोगजंतु अडविणाऱ्या गाळणीचें मोल त्या वेळीं लोकांस कळलें असेल! एकच माती, तींच छिद्रें. पण एका हातीं स्फोटक, तर दुसऱ्या हातीं शुद्ध जल. यांत मातीचें पुण्य नाहीं आणि पापही नाहीं.

आज साखरेचा पाक व फळांचे रस गाळण्यासाठीं, धातूंस चकाकी आणण्यासाठीं आणि भट्ट्यांची उष्णता कोंडून ठेवण्यासाठीं ही माती वापरतात. धान्यांत मिसळली असतां ती किड्यांच्या अंगावरील मेणचट लेप शोषून घेते आणि किडे सुकून मरतात. कडधान्यास राख चोळून ठेवणाऱ्या आमच्या आजीबाईंस ही युक्ति नवी वाटणार नाहीं.

परंतु मोल सांगावयाचें तर पुरतें सांगितलें पाहिजे. ही माती उच्च तापमानांत भाजली असतां तींतील सिलिकेचा कांहीं भाग स्फटिकरूप होतो, आणि ती धूळ वर्षानुवर्षें श्वासावाटे गेली तर फुप्फुसें कायमचीं निकामी होतात. खाणींत व कारखान्यांत राबणाऱ्या मजुराच्या तोंडावर योग्य मुखवटा नसेल, धूळ शोषून घेणारीं यंत्रें नसतील, तर आपल्या पेल्यांतील निर्मळ पाण्याची किंमत तो आपल्या श्वासानें चुकवीत असतो. असें पाणी निर्मळ म्हणावें काय? आमच्या मतें म्हणूं नये. मजुरांच्या संरक्षणाचा खर्च वस्तूच्या किंमतींतच धरला पाहिजे, व ती किंमत देण्यास आपण कुरकुरूं नये.

पालकांस आमची विनंति इतकीच कीं, मुलांस एखाद्या वस्तूचा उपयोग सांगतांना ती कोणाच्या कष्टांनीं आली हेंही सांगावें. आणि विद्यार्थिमित्रहो, यापुढें ‘मातीमोल’ हा शब्द ओठांवर आला, तर त्या इवल्या करंडकांची एकवार आठवण करा, आणि त्यांची धूळ अंगावर घेणाऱ्या माणसाचीही.