घरबसल्या ‘एआय’ची पदवी? फी भरण्याआधी हे पाहा

मुरूड, श्रीवर्धनहून नोकरी सांभाळून लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात रोज जाणे अवघडच. त्यामुळे एआयचे पदव्युत्तर शिक्षण ऑनलाइन घेणे सोयीचे वाटते. पण ‘पीजी सर्टिफिकेट’ म्हणजे पदवी नव्हे. जाहिरातीत नेमकी इथेच गफलत होते. यूजीसीच्या २०२० च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. अभियांत्रिकी मात्र त्यातून वगळलेली. म्हणून कुणी ऑनलाइन एम.टेक. देऊ करत असेल तर सावध व्हा. स्वतंत्र कायद्याने चालणाऱ्या आयआयटींची गोष्ट वेगळी. एमसीए, एमएस्सीचा मार्ग खुला आहे. प्रवेशाला डीईबी-आयडी लागतो. एजंट तो न विचारता थेट हप्त्यांचे बोलू लागला, तर आधी यूजीसीच्या डीईबी पोर्टलवर विद्यापीठ आणि अभ्यासक्रम, दोन्हींची नावे शोधा.