जुन्या नंदीचा जीर्णोद्धार

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भंडारा जिल्ह्यात तान्हा पोळा भरतो. चाकांवर उभा केलेला लाकडी नंदी सजवून मुले दोरीने ओढत नेतात आणि घरोघरी बोजारा मागतात. काही घरांतील नंदी दोन-तीन पिढ्यांपूर्वीचे असतात. त्यांची शिंगे झिजली, चाके डगडगू लागली, की बहुधा चकचकीत तैलरंगाचे आणखी एक पूट चढविले जाते. नाहीतर नवा नंदी आणून जुना माळ्यावर टाकला जातो. पहिल्या उपायाने मूळ काम झाकले जाते, दुसऱ्याने ते वाळवीच्या स्वाधीन होते. जीर्णोद्धार यांपैकी कशालाच म्हणता येणार नाही.

मुलांच्या जुन्या लाकडी खेळण्याचा जीर्णोद्धार कसा करावा, याचा एक वस्तुपाठ अमेरिकेत सापडतो. फिलाडेल्फिया टोबॉगन कंपनीने १९२२ साली बनविलेला ४८ घोड्यांचा फिरता पाळणा ओहायो राज्यातील यंग्सटाउनच्या आयडोरा पार्कमध्ये होता. १९८४ साली त्या उद्यानात आग लागली, पुढे उद्यान बंद पडले आणि पाळणा लिलावात निघाला. तो विकत घेतल्यावर जेन वॉलेंटस या कलावतीने रंगाचे थर हाताने खरवडून मूळ रंग शोधून काढले आणि त्यांबरहुकूम घोडे पुन्हा रंगविले. या कामात दोन दशकांहून अधिक काळ गेला. परंतु २०११ साली तो पाळणा न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे मुलांसाठी पुन्हा फिरू लागला. आधी शोध, मग दुरुस्ती आणि अखेर पुन्हा वापर, हा क्रम येथे महत्त्वाचा आहे.

घरच्या नंदीसाठी एवढा खटाटोप नको. आरंभी छायाचित्रे घ्यावीत. कुजला असेल तेवढाच भाग काढून त्याच जातीच्या लाकडाचा जोड द्यावा. मूळ रंगाचा एखादा पट्टा तसाच राखावा. जुन्या रंगात शिसे असू शकते व ते मुलांना अपायकारक ठरते, हा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणून सुटणारा रंग कोरडा न घासता ओला करून, मुलांना दूर ठेवून काढावा. नवा रंग घेताना घरगुती रंगातील शिसे दशलक्षात ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा २०१६ चा केंद्रीय नियम ध्यानात ठेवावा.

खरा प्रश्न हातांचा आहे. ट्रॅक्टर आल्यापासून गाडे-वखरांचे काम घटले आणि त्याबरोबर गावच्या सुताराचे कसबही ओसरू लागले. तान्ह्या पोळ्यात सजावटीला बक्षिसे दिली जातात. शाळांनी व ग्रामपंचायतींनी त्यांत उत्तम दुरुस्त केलेल्या जुन्या नंदीसाठी एका बक्षिसाची भर घालावी आणि त्यात सुताराचाही वाटा ठेवावा. नंदी टिकवावयाचा तर त्याला घडविणारा हातही टिकला पाहिजे.