ईश्वरेच्छा कोणी म्हणावी?

२८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची महाबळेश्वरला निघालेली बस पोलादपूरनजीक आंबेनळी घाटात शेकडो फूट खोल दरीत कोसळली. तीस जण मृत्युमुखी पडले, एक वाचला. ‘देव तारी त्याला कोण मारी’ ही म्हण अशा वेळी सहज ओठांवर येते. परंतु एकाला देवाने तारले असे म्हणताच उरलेल्या तीस घरांना काय सांगावयाचे, हा प्रश्न उभा राहतो आणि त्या म्हणीतले सांत्वन क्रूर वाटू लागते.

हा प्रश्न सर्वच धर्मांना सतावतो; ख्रिस्ती श्रद्धेला तो अधिक सतावतो. कर्मविपाकाच्या सिद्धान्तात निदान पूर्वजन्माच्या खात्यावर जमाखर्च मांडता येतो. ज्या धर्मात परमेश्वर सर्वसमर्थ आहे आणि पिताही आहे, तेथे ही सोय नाही. लूकच्या शुभवर्तमानात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाल्याचा उल्लेख येतो. ती माणसे इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असे विचारून येशूनेच त्याचे उत्तर नकारार्थी दिले. ईयोबाचे सर्वस्व गेले तेव्हा त्याच्या दुःखाची कारणमीमांसा करण्यास मित्र पुढे सरसावले. त्या ग्रंथात अखेर देवाचा रोष ओढवला तो तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे, मीमांसा करणाऱ्या मित्रांवर. तरीही ‘यात देवाचा काही हेतू असेल’ हे वाक्य श्रद्धाळू माणूस टाकून देत नाही. ते कोणी उच्चारावे, एवढाच प्रश्न आहे.

याचे उत्तर पंडिता रमाबाईंच्या चरित्रात सापडते. पुराणकथनाखेरीज दुसरा व्यवसाय ठाऊक नसलेल्या त्यांच्या कुटुंबातील वडील, आई आणि थोरली बहीण १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात गेली. १८८० मध्ये भाऊ गेला; १८८२ मध्ये, विवाहाला दोन वर्षेही पुरी झाली नसताना, पतीला पटकीने नेले. पदरी तान्ही मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे आपल्या आयुष्याकडे वळून पाहताना त्यांना त्या वाताहतीत ईश्वराचा हात दिसला. हे त्यांनी म्हणावे. तो अधिकार त्यांनी दुःख भोगून मिळविला होता.

परंतु १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतातील उपाशी मुलींना त्यांनी हे तत्त्वज्ञान ऐकविले नाही. त्या स्वतः तिकडे गेल्या, सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या आणि केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. तेथे प्रार्थना होती, तशीच शेती, विणकाम आणि छापखानाही होता. हातात कसब नसलेल्या कुटुंबाचे दुष्काळात काय होते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. १८९७ मध्ये पुण्याच्या सरकारी प्लेग-व्यवस्थेत स्त्रियांची होणारी हेळसांड त्यांनी मुंबईच्या वृत्तपत्रात पत्र लिहून चव्हाट्यावर आणली. ते प्रकरण थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. प्लेग ही देवाची इच्छा असेल, पण रुग्णालयातील गैरव्यवस्था ही देवाची इच्छा नव्हे, एवढा विवेक त्या बाईंजवळ होता. त्यांच्या धर्मांतराविषयी आणि शारदा सदनातील धर्मशिक्षणाविषयी जो वाद झाला, त्यात रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतकही १८९३ मध्ये दूर झाले. तो वाद निराधार होता असे म्हणवत नाही. तथापि श्रद्धेने त्यांना निष्क्रिय केले, असा आरोप त्यांच्या विरोधकांनाही करता आला नसता.

दापोलीला हे चरित्र परके नाही. शारदा सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. तिच्याशी १८९३ च्या मार्चमध्ये मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी विवाह केला आणि मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. योगायोग असा की, रमाबाई आणि कर्वे या दोघांचाही जन्म १८५८ च्या एप्रिलमधला, अवघ्या पाच दिवसांच्या अंतराने. त्याच मुरुडच्या आणि आंजर्ले-केळशीच्या नारळी-पोफळीच्या बागा ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने आडव्या केल्या. ज्याची बाग गेली त्याने ‘देवाची मर्जी’ म्हणून डोळे पुसले, तर ती त्याची श्रद्धा. भरपाईचा पंचनामा करणाऱ्याने तेच शब्द वापरले, तर ती कामचुकारी होय. नवी पोफळ फळाला येण्यास पाचसात वर्षे आणि नारळ त्याहूनही अधिक काळ घेतो, याचा हिशेब कचेरीतच व्हावयास हवा. शिलोहाचा बुरूज कोणी बांधला, हे शुभवर्तमानात नोंदलेले नाही. आपल्याकडील घाटरस्त्यांचे आणि कठड्यांचे मात्र सरकारी दप्तर असते.

मनोरमा १९२१ च्या जुलैमध्ये आईआधी गेली. त्या वेळी मूळ भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे रमाबाईंचे काम चालू होते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर ते पुरे झाले होते.