रुमालाखालची बोटे आणि लिलावातले खासगी टिपण

हापूसच्या मोसमात वाशीच्या बाजारात ज्यांनी एखादी पहाट काढली असेल, त्यांना रुमालाखालचा सौदा ठाऊक असेल. दोन माणसे हातात हात घेतात, वर रुमाल पडतो आणि बोटांच्या दाबाने पेटीचा भाव ठरतो. शेजारी उभ्या असलेल्याला काही कळत नाही. या पद्धतीवर टीकाही पुष्कळ झाली आहे. आपल्या मालाचा भाव कसा ठरला हे शेतकऱ्यालाच कळत नाही, ही तक्रार जुनी आहे. मला मात्र त्यातली एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. रुमाल भाव लपवतो तो बघ्यांपासून. ज्याच्या हातात आपली बोटे असतात, त्याच्यापासून नाही.

ही गोष्ट मला पुन्हा आठवली ती संगणकावरच्या लिलावात बोली लावताना. निमित्त होते आमच्या अण्णांच्या तिकिटांच्या अल्बमचे. १५ ऑगस्ट १९४८ रोजी टपाल खात्याने गांधीजींची चार तिकिटे काढली : दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. पहिली तीन अण्णांनी जमवली. दहा रुपये ही तेव्हा मोठी रक्कम. चौथ्या तिकिटाची जागा कोरीच राहिली. अण्णा गेल्यावर अल्बम माझ्याकडे आला आणि ती कोरी जागाही.

ते तिकीट मी ‘ई-बे’ या अमेरिकी लिलावगृहाच्या संकेतस्थळावर शोधू लागलो. पिअर ओमिदयार या तरुणाने १९९५ साली सुरू केलेले हे दुकान. २००४ साली मुंबईची ‘बाझी’ ही कंपनी विकत घेऊन ते भारतातही आले. त्याची भारतीय शाखा २०१८ साली बंद झाली, पण मूळ अमेरिकी संकेतस्थळावर इथून आजही खरेदी करता येते. तिथे आवडलेली वस्तू ‘लक्ष ठेवण्याच्या’ यादीत टाकता येते आणि तिच्यापुढे स्वतःपुरते टिपण लिहिता येते. ते ना विकणाऱ्याला दिसते, ना दुसऱ्या बोली लावणाऱ्याला.

मी दोन तिकिटे यादीत टाकली. पहिल्यापुढे लिहिले, ‘डावीकडचा एक दाता तुटका, मागचा गोंद नवा वाटतो. ८० डॉलरच्या वर नको.’ दुसऱ्यापुढे मात्र हात सैल सुटला. ‘अण्णांच्या अल्बमातली जागा. कितीही झाले तरी घ्यायचे.’

रात्री मुलीने ते वाचले आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही हे दुकानदाराच्याच वहीत लिहून ठेवलंत की!”

तिचे म्हणणे नीट समजायचे तर हा लिलाव कसा चालतो ते पाहावे लागेल. आपण जास्तीत जास्त किती देऊ तो आकडा संगणकाला सांगून ठेवायचा. समोरच्याची बोली चढली की संगणक आपल्या वतीने जरुरीपुरतीच वाढवतो. आपला वरचा आकडा इतरांना दाखवला जात नाही. विल्यम विक्री या अर्थतज्ज्ञाने १९६१ साली अशाच जातीच्या लिलावाचे गणित मांडले होते. जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकीच किंमत द्यायची असेल, तर प्रत्येकाने आपल्याला वाटते ती खरी किंमत सांगण्यातच त्याचे हित असते, हे त्याचे सूत्र. १९९६ साली त्याला नोबेल मिळाले. पण या गणिताला एक अट आहे. आपला खरा आकडा ज्याच्यापाशी ठेवला, तो माणूस सचोटीचा हवा. विकणाऱ्याला तो कळला तर आपल्याच एखाद्या मित्राकडून खोटी बोली लावून तो आपल्याला थेट त्या आकड्यापर्यंत चढवील.

मग टिपणे लिहूच नयेत काय? माझे मत तसे नाही. १९७१ साली तेलकंपनीतल्या तीन अभियंत्यांनी समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावांबद्दल एक निबंध लिहिला. लिलाव जिंकतो तो बहुधा ज्याने किमतीचा अंदाज सर्वांत फुगवून केला तो, असा त्याचा मथितार्थ. जिंकणाऱ्याच्या वाट्याला येणारा हा शाप आजही अर्थशास्त्रात शिकवतात. शेवटच्या दोन मिनिटांत रक्त तापते, कोणीतरी आपल्या डोळ्यांदेखत वस्तू नेतो आहे असे वाटते आणि बोट आपोआप पुढे जाते. अशा वेळी शांत डोक्याने आधी लिहिलेली ओळ वडीलधाऱ्यासारखी मनगट धरते. तुटक्या दात्याचे तिकीट ८० डॉलरच्या पुढे गेले, तेव्हा मला त्या ओळीनेच थांबवले.

प्रश्न आहे तो गुप्ततेचा. टिपण ‘खासगी’ म्हणजे कोणापासून खासगी? विकणाऱ्याला मजकूर दिसत नाही. पण किती जण वस्तूवर लक्ष ठेवून आहेत हे त्याला दिसते आणि नाव न कळताही तो त्यांना सवलतीचा प्रस्ताव पाठवू शकतो. शिवाय पैसे भरताना विकणाऱ्याला निरोप लिहिण्याची वेगळी चौकट येते. मनातले त्या चौकटीत लिहिले, तर ते सरळ त्याच्या हाती पडते. आणि टिपण राहते कुठे? कंपनीच्याच संगणकात. २०१४च्या मे महिन्यात याच कंपनीने सुमारे साडेचौदा कोटी ग्राहकांना परवलीचे शब्द बदलायला सांगितले होते. नावे, पत्ते, दूरध्वनी क्रमांक आणि जन्मतारखा असलेल्या साठ्यात कोणीतरी शिरले होते. टिपणे चोरीला गेली असे कोणी म्हटले नाही. पण कुलूप कोणाच्या दाराला आहे, हे त्यातून कळते.

चोराचे सोडा, लिलाव चालवणाराच आपली माहिती वापरील तर? जाहिरातींच्या जागांचाही हल्ली संगणकावर क्षणार्धात लिलाव होतो. २०२० साली टेक्सास आणि अन्य काही राज्यांनी गुगलवर जो दावा लावला, त्यातला एक आरोप असा की जुन्या बोलींची माहिती वापरून कंपनीने आपल्याच जाहिरात-खरेदी सेवेचा फायदा करून दिला. कंपनीने गैरप्रकाराचा इन्कार केला. मात्र रुमाल धरणारा आणि बोटे मोजणारा एकच असला की असा संशय येणारच.

आपल्याकडे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. मुख्य तरतुदींना मात्र १८ महिन्यांची मुदत आहे. आपली कोणती माहिती ठेवली आहे हे विचारण्याचा आणि ती पुसून मागण्याचा हक्क त्यात आहे. तरी कायदा येऊन पोचेपर्यंत आपले शहाणपण आपल्यापाशी असावे.

कारण हा केवळ तिकिटे जमवणाऱ्यांचा छंद उरलेला नाही. कर्ज थकलेले फ्लॅट बँका आज संगणकावरच लिलावात काढतात आणि मध्यमवर्गीय कुटुंबे त्यात उतरतात. तिथे बोली मान्य झाली की पंचवीस टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरावी लागते. पुढचे पैसे मुदतीत न भरल्यास भरलेली रक्कम जप्त होऊ शकते. तिथला शाप जन्मभराच्या पुंजीला लागतो. सोसायटीची थकबाकी किती, ताबा कोणाकडे, कागद कोणते पाहिले, याची टिपणे तिथे हवीतच.

माझ्यापुरता मी एक नियम केला आहे. वस्तूबद्दलचे संकेतस्थळावर लिहावे, स्वतःबद्दलचे लिहू नये. तुटका दाता, नवा गोंद, टपालखर्च हे तिथे खुशाल असू द्यावे. आपली निकड, आपला वरचा आकडा आणि अण्णांची आठवण मात्र घरच्या वहीत. यादीतून वस्तू गेली की तिथले टिपण हाती राहीलच असेही नाही. वही कपाटात असते.

दुसऱ्या तिकिटापुढचे ते वाक्य मी त्याच रात्री पुसून टाकले. ते तिकीट पुढे दुसऱ्या कोणाला मिळाले. अल्बमातली जागा अजून कोरी आहे, आणि ती भरायची किती रुपयांत, हे मुलीने माझ्याकडून वहीत लिहून घेतले आहे.